चांद्याचे दप्तर

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे कागद पुतण्याकडे गेले आणि पुढच्या काळात त्यांतले बरेच उंदरांनी कुरतडले. चेस्टर आर्थर या राष्ट्राध्यक्षाने मरणाच्या थोडे आधी आपले जवळजवळ सगळे कागद जाळून टाकायला लावले. अब्राहम लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कोणी उघडायचे नाहीत, ही अट घालून. ती मुदत २६ जुलै १९४७ रोजी संपली. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा तीन आठवडे उरले होते. म्हणजे ज्या देशाला आपण कागदपत्रे जपण्यात फार पुढारलेला समजतो, त्या देशातही दीडशे वर्षे राष्ट्राध्यक्षाचे कागद ही घरची चीजवस्तू होती. वारसांनी विकावी, वाटावी, चुलीत घालावी.

हे बदलले ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामुळे. १९३९ मध्ये त्यांनी आपले कागद आणि हाइड पार्क इथल्या घरच्या जमिनीचा तुकडा सरकारला देऊ केला. ३० जून १९४१ रोजी तिथे ग्रंथालय उघडले. १९५५ मध्ये अशा ग्रंथालयांचा कायदा झाला. तरीही कागद द्यायचे की नाहीत, हे राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवरच होते. निक्सन यांच्या ध्वनिफितींचे प्रकरण झाले, १९७४ मध्ये त्यांचे कागद कायदा करून ताब्यात घ्यावे लागले आणि मग १९७८ च्या कायद्याने ठरले, की राष्ट्राध्यक्षाच्या कारभाराचे कागद हे राष्ट्राचे, त्याचे नव्हेत.

ही माहिती मी जुळवू लागलो त्याला कारण एक कौटुंबिक सहल. माझी मुलगी नोकरीनिमित्त कॅन्सस सिटीला असते. जून २०२२ मध्ये आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी जावई म्हणाले, बाबा इतिहासाचे प्राध्यापक, त्यांना धबधबे काय दाखवायचे, ट्रूमन यांचे ग्रंथालय दाखवू. इंडिपेंडन्स हे गाव शेजारीच. अर्ध्या तासात पोचलो. नातू नऊ वर्षांचा, त्याला गाडीतच भूक लागली होती.

१९५७ साली उघडलेली ही इमारत. आत शिरताच भिंतभर टॉमस हार्ट बेंटन यांचे चित्र: पश्चिमेकडे निघालेले गोरे वसाहतवाले, त्यांचे तांडे आणि समोर मूळ रहिवासी. मला आमच्या जंगलातली ठेकेदारांची वर्दळ आठवली, पण ते असो. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची हुबेहूब प्रतिकृती, मेजावरची ती प्रसिद्ध पाटी, आणि निवृत्तीनंतर ट्रूमन स्वतः येऊन बसत ती खोली. अंगणात पती-पत्नींच्या समाध्या. माणूस आपल्याच कागदांच्या शेजारी पुरला गेला आहे. आत सुमारे दीड कोटी पाने आहेत.

मला तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबवले ते एका पत्राने. कोरियाच्या युद्धात मुलगा गमावलेल्या एका बापाने ते लिहिले आहे. मुलाला मरणोत्तर मिळालेले पदक त्याने राष्ट्राध्यक्षांना परत पाठवले आणि लिहिले, की हे तुमच्या पराक्रमाच्या वस्तूंत ठेवा. माझ्या मुलाच्या वाट्याला जे आले ते तुमच्या मुलीच्या वाट्याला आले नाही, याची खंत वाटते. पत्र चार ओळींचे. ट्रूमन यांनी ते फाडले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर ते पदकासह त्यांच्या मेजाच्या खणात सापडले आणि ग्रंथालयाने ते लोकांपुढे ठेवले. ज्याचे स्मारक, त्यालाच दिलेला शाप त्या स्मारकात काचेखाली आहे. आपल्याकडच्या एखाद्या नेत्याच्या स्मृतिभवनात असा कागद मांडलेला मी पाहिलेला नाही.

मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चिचोली आठवते?"

आठवत होती. मी तिच्याचबद्दल विचार करत होतो.

चिचोली नागपूरजवळ, काटोल रस्त्याने फेटरीच्या बाजूला. तिथल्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. बाबासाहेब राष्ट्राध्यक्ष नव्हते, पंतप्रधानही नव्हते. देशाचे पहिले कायदामंत्री होते आणि तेही पद त्यांनी १९५१ मध्ये सोडले. पण राष्ट्रपती नावाचे पद ज्या घटनेने निर्माण केले तिच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष. आमच्या भागात तर एखाद्या माणसासाठी संग्रहालय असावे असे लोकांना मनापासून वाटले, तर तो माणूस हाच. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात पंतप्रधानांचे संग्रहालय १४ एप्रिल २०२२ रोजी, आंबेडकर जयंतीलाच उघडले. ते सरकारचे. चिचोली उभी राहिली ती वेगळ्या माणसांमुळे, आणि या लेखात मला त्या माणसांविषयी बोलायचे आहे.

आधी बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले ते पाहू. पुस्तके आणि कागद यांच्यावर जीव असलेला हा माणूस त्या बाबतीत कमनशिबी. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती जर्मन पाणबुडीने बुडवली. त्यात पुस्तके गेली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. घर बांधताना माणसांपेक्षा पुस्तकांच्या सोयीचा विचार करणारा दुसरा मराठी पुढारी मला माहीत नाही. अखेरची वर्षे मात्र दिल्लीत, २६ अलीपूर रोडवर गेली. तो बंगला सिरोहीच्या राजाच्या मालकीचा, भाड्याचा. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बंगल्यात माईसाहेब राहिल्या आणि खोल्यांमधून कागद राहिले. १९६६ मध्ये बंगला विकला गेला. १९६७ च्या जानेवारीत नव्या मालकाने ताबा घेताना कागद खोल्यांतून काढून अंगणात टाकले गेले आणि त्यावर पाऊस पडला. दिल्लीतला जानेवारीचा पाऊस. किती पाने गेली, हे मोजायला तिथे कोणी नव्हते. आज त्याच जागेवर राष्ट्रीय स्मारक उभे आहे; १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. इमारत उघड्या पुस्तकाच्या आकाराची आहे.

उरलेले कागद न्यायालयाच्या ताब्यातून, कुलपांतून आणि पेट्यांतून फिरत महाराष्ट्र शासनाकडे आले. त्यांतून ग्रंथांची मालिका सिद्ध करण्याचे काम वसंत मून यांच्याकडे आले. मून नागपूरचे, 'वस्ती' या आत्मकथनाचे लेखक, महसूल खात्यातले अधिकारी. पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. आज बाबासाहेबांवर देशात-परदेशात जे काही लिहिले जाते, ते या खंडांशिवाय लिहिता येत नाही. अर्धवट प्रकरणे, एकाच मजकुराचे दोन-दोन खर्डे, हाताने केलेल्या दुरुस्त्या, हे सगळे वाचून लावणे म्हणजे काय हे मोडी दप्तरात बसलेल्याला विचारावे. अमेरिकेत हे काम एका खात्याचे पगारी अभिलेखपाल करतात. इथे ते एका माणसाच्या आयुष्याचे काम झाले.

कागदांची ही कथा तर वस्तूंची वेगळी. बाबासाहेबांचे दिल्लीतले सहायक नानकचंद रत्तू. मूळचे पंजाबातल्या होशियारपूरकडचे, दिल्लीत सरकारी नोकरी. दिवसा कार्यालय आणि संध्याकाळी अलीपूर रोड. सतरा वर्षे त्यांनी हे केले. 'द बुद्ध अँड हिज धम्म'चे टंकलेखन त्यांचे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे मेजावर काढून ठेवायला सांगितली, ती रत्तूंनाच. उशिरा ते घरी गेले. सकाळी त्यांना निरोप आला.

रत्तूंनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आणि त्या नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्या स्वाधीन केल्या. गोडबोले भारतीय बौद्ध जनसमितीचे सचिव. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा समारंभाची व्यवस्था मुख्यतः त्यांच्या अंगावर होती. चिचोलीची जमीन गोपिकाबाई ठाकरे यांनी दिली. एक टंकलेखक, एक कार्यकर्ता आणि जमीन देणारी एक बाई. १९५५ च्या अमेरिकन कायद्याची जागा आपल्याकडे या तिघांनी भरून काढली, असे म्हटले तर मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आम्ही चिचोलीला गेलो ते २०१२ च्या हिवाळ्यात. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या बाजूला, वैनगंगेच्या काठचे. भाड्याची सुमो केली. मी, पत्नी, तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेली मुलगी, धाकटा भाऊ, त्याची दोन मुले आणि माय. पहाटे नदी ओलांडून ब्रह्मपुरी, मग नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर. मायने शिदोरी बांधून घेतली होती. हॉटेलातले खायचे नाही हा तिचा नेम. तिचे वय तेव्हा अडुसष्ट.

काचेच्या कपाटांत कोट, टोप्या, बूट, पेन, काठ्या. टंकलेखनाचे यंत्र. घटनेचा मसुदा याच यंत्रावर तयार झाला, असे लोक मोठ्या भक्तीने सांगतात. इतिहासाच्या मास्तराला अशा वेळी गप्प बसवत नाही. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली आणि तिच्या कामाला संविधान सभेच्या सचिवालयातली मंडळी होती. स्वतः बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना त्यांचे श्रेय मोकळेपणाने दिले आहे. त्यामुळे मसुद्याची किती पाने या यंत्रातून गेली असतील, याविषयी माझा अंदाज लोकांपेक्षा सावध आहे. मला त्या कळांवर दिसतात ती रत्तूंची बोटे, कार्यालयातून थकून आलेल्या माणसाची. घटनेला टंकलेखक सरकारने दिले असते. धम्मग्रंथाला कोण देणार होते?

माय यंत्रापाशी थांबली नाही. ती काठ्यांपाशी थांबली. बराच वेळ. भावाची पोरे बाहेर पळून गेली, तरी ती तिथेच. मग मला हाताने जवळ बोलावून म्हणाली, "बाबू, थे काठी म्या पायली आहे."

बारा वर्षांची असताना तिने बाबासाहेबांना चांद्याला पाहिले होते. १६ ऑक्टोबर १९५६.

नागपूरच्या दीक्षेविषयी महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचकाला माहीत असते. चांद्याचे नाव पुष्कळदा एका ओळीत येते, किंवा येतही नाही. नागपूरला १४ ऑक्टोबरला, विजयादशमीला दीक्षा झाली. १५ तारखेला बाबासाहेबांचे दीर्घ भाषण झाले. त्यानंतर लगेच, प्रकृती साथ देत नसताना, मधुमेहाने पाय आणि डोळे थकलेले असताना, ते मोटारीने दीडशे किलोमीटरवरच्या चांद्याला आले आणि १६ ऑक्टोबरला तिथल्या जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. हे घडवून आणण्यात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पुढे होते. ते चांद्याचेच, तेव्हा वय जेमतेम एकतीस. पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांनी आपल्या हाताने दीक्षा दिली ती मुख्यतः या दोन ठिकाणी. सात आठवड्यांनी ते गेले.

तेव्हाचा चांदा जिल्हा केवढा होता हे आज लक्षात येत नाही. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी सिरोंचापासून वडशापर्यंत सगळा मुलूख चांद्याचा. आणि त्या दिवशी चांदा महाराष्ट्रात नव्हताच, द्विभाषिक मुंबई राज्यातही नव्हता. तो मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेनंतर सोळाव्या दिवशी, राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्हा मुंबई राज्यात आला. जुन्या राज्याची राजधानी नागपूर, नव्या मध्य प्रदेशाची भोपाळ, आणि आमची मुंबई. त्या पंधरवड्यातला जिल्ह्याचा कागद शोधायचा तर तीन राजधान्यांचा विचार मनात ठेवावा लागतो. आमच्या लोकांनी धर्म बदलला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत सरकारने त्यांचे राज्य बदलले. फायली बांधणाऱ्या कारकुनांचे हात दुसऱ्याच कामात होते.

नागपूरचे १५ तारखेचे भाषण छापून निघाले. आज ते कोणालाही मिळते. चांद्याच्या वाट्याला तेवढा छापील मजकूर आला नाही. एक गोष्ट मला नेहमी खटकते. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ सालचा. आमच्या जंगलातला बांबू तोडून त्याचा कागद देशभर गेला. कागदाचा जिल्हा म्हणावे असा हा जिल्हा, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या दिवसाचे दप्तर लोकांच्या डोक्यात राहिले आहे. ती डोकी आता ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून मी मायला विचारू लागलो. आपल्याच घरातल्या माणसाची साक्ष घेणे अवघड असते. ती मधेच 'जेवलास का' विचारते. तरीही.

तिचे म्हणणे असे. वडशाहून छोट्या गाडीने ते निघाले. ही गोंदिया-चांदाफोर्टची अरुंद रुळांची गाडी. नागभीड, सिंदेवाही, मूल करत जायची. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, माणसे टपावर होती. सोबत तिचे आईवडील, दोन मामा, गावातली आणखी माणसे. सगळ्यांचे कपडे पांढरे. बाबासाहेब लांबून दिसले, कोणाचा तरी आधार घेऊन उभे, हातात काठी. "बोलले काय थे आयकू नाई आलं. लोकं म्हनत होते तसं आमी म्हनत गेलो." हात जोडून सगळे म्हणत होते आणि तिच्या वडिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ती घाबरली, कारण वडिलांना रडताना तिने कधी पाहिले नव्हते. परतीची गाडी मिळाली नाही. रात्रभर चांदाफोर्टच्या फलाटावर बसून काढली. "चांदनं असं टिपूर, सुई पडली तं दिसन."

ही साक्ष मी शक्य तिथे तपासली. ती म्हणते, आम्ही दसऱ्याला गेलो. आसपासच्या गावांतली इतर म्हातारी माणसेही तेच सांगतात. तारखेने ते बरोबर नाही. दसरा १४ तारखेला, नागपूरच्या दीक्षेच्या दिवशी होता. दोन समारंभ लोकांच्या मनात एक झाले, हा त्याचा उलगडा. पण चांदण्याचे काय? विजयादशमीनंतर दोन दिवस म्हणजे शुद्ध द्वादशी, कोजागिरीच्या अलीकडे. त्या रात्री चंद्र मोठा असणार आणि बराच वेळ आकाशात असणार. पंचांग तिच्या बाजूने आहे. दिवसाचे नाव चुकले, रात्रीचा उजेड बरोबर राहिला. स्मृती अशीच असते, आणि तिला पुरावा मानताना कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे अशा बारीक जागांवरून कळते.

काठीबद्दल मी काही म्हणत नाही. बाबासाहेबांकडे काठ्या एकाहून अधिक होत्या.

बाबासाहेबांशी या पट्ट्याचा संबंध केवळ भक्तीचा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. दीक्षेच्या अडीच वर्षे आधी, १९५४ च्या भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते उभे होते आणि हरले. भंडारा म्हणजे आमच्या नदीचाच वरचा काठ. धानाची शेती, तलाव, आणि मालगुजाराच्या बांधावर राबणारी तीच माणसे. मते ज्यांच्या हातात होती त्यांनी नाकारले आणि ज्यांच्याकडे मतापलीकडे काही नव्हते ते दोन वर्षांनी रेल्वेच्या टपावर बसून आले. ट्रूमन ग्रंथालयातल्या त्या बापाच्या पत्रासारखी भंडाऱ्याच्या पराभवाची गोष्टही आमच्या स्मारकांतून ठळकपणे मांडली पाहिजे, असे मला वाटते. काही जणांना ते रुचणार नाही. माझ्या भावालाच रुचले नाही. उमरेडपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला.

इंडिपेंडन्सच्या ग्रंथालयात मला आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. १९६० च्या दशकापासून त्यांनी ट्रूमन यांच्या काळातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन, टंकलिखित करून ठेवल्या आहेत. त्या शेकड्यांनी आहेत. मंत्री आणि सेनापतींबरोबर कार्यालयातले कर्मचारीही त्यांत आहेत. म्हणजे तिथे रत्तू असते, तर कोणीतरी यंत्र लावून त्यांच्यासमोर बसले असते. रत्तूंनी स्वतःच पुस्तक लिहिले म्हणून त्यांचे म्हणणे उरले. वडशाच्या फलाटावरून निघालेल्यांपैकी कोणी पुस्तक लिहिणार नव्हते.

परतल्यावर मी दोन वह्या केल्या. एकीत माणसांचे म्हणणे, त्यांच्याच बोलीत, झाडीबोलीतले 'थो' आणि 'थे' न बदलता. दुसरीत वस्तू: कोणाच्या घरी काय उरले आहे. दुसरी वही लवकर भरत नाही, आणि त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. त्या दिवसाचे मुख्य काम टाकून देण्याचे होते. माझ्या आजीने चांद्याहून आल्यावर देव्हाऱ्यातले टाक काढले आणि वैनगंगेत सोडले. गावोगावी हेच झाले. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञा वाचल्या की ते का झाले ते समजते. संग्रहालयात मांडायला जे हवे ते नदीच्या तळाशी वाळूत आहे. रिकामा देव्हारा कपाटात कसा ठेवणार? काही घरांत त्या कोनाड्यात नंतर बुद्धाची तसबीर आली, काही घरांत धान मोजायचे माप ठेवू लागले. तेवढे मी लिहून घेतो.

आमच्या घरी एक वस्तू आहे. आजीने त्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे. ती गेल्यावर ते मायकडे आले. ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घातलेल्या घडीत, इतकी वर्षे राहिले आहे. घडीच्या रेषांवर विरले आहे. आणखी काही पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतील. मी मायला म्हटले, आपण हे चिचोलीला देऊ, नाहीतर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर. तिथे ते नीट राहील. लोक पाहतील.

"नाई," ती म्हणाली. "थे माह्यासंग जाईल."

मी तिला समजावले. वॉशिंग्टनचे उंदीर सांगितले, अलीपूर रोडचा पाऊस सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, काठी बाबासाहेबांची होती म्हणून ती सगळ्यांची. लुगडे तिच्या आईचे आहे. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. १९७८ चा कायदा राष्ट्राध्यक्षाच्या कारभाराच्या कागदांना लागू आहे. त्यानेही त्याची खासगी पत्रे त्याच्याकडेच ठेवली आहेत.

माझ्या भावाला वाटते मी ते गुपचूप न्यावे. पत्नीला वाटते विषय काढूच नये. मुलगी तिकडून फोनवर म्हणते, आजीला अर्धे मागा.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मायने स्वतःच ट्रंक उघडली आणि मला वही आणायला सांगितले. लुगडे खाटेवर पसरले. मी लांबी-रुंदी मोजली, काठाची वीण पाहिली, फोटो काढले. तिने सांगितले ते लिहून घेतले: दसऱ्याच्या आधीच्या बाजारात घेतले, पांढऱ्याला एवढे गिऱ्हाईक पाहून दुकानदाराने भाव चढवला, वडिलांनी त्यासाठी धान आधीच विकले. पदराच्या एका टोकाला तपकिरी डाग आहे. तो कशाचा विचारले. "फलाटावर म्या झोपली होती मायच्या मांडीवर. पान खात होती थे." मी डागाचीही नोंद केली. मग तिने घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली, पाला बदलला आणि किल्ली कनवटीला लावली.